आमच्याकडे गळती नाही

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. पुढेमागे आत्मचरित्र लिहायची वेळ आली तर कच्चा माल हाताशी असावा.

कालपर्यंत मी नुसता भरतीप्रमुख होतो. आजपासून भरती व संवादप्रमुख! संवाद बघणाऱ्या बाई शनिवारी तडकाफडकी सोडून गेल्या आणि मोठ्या साहेबांनी ते खातं माझ्याकडे सोपवलं. पगार तोच. साहेब म्हणाले, अशा घडीला तुझ्यासारखाच माणूस लागतो. बायको म्हणाली, सोपवलं नाही, गळ्यात मारलं. तिला कॉर्पोरेट भाषा कळत नाही.

घडी अशी : कारखान्याच्या मागच्या टाकीतून सांडपाणी जमिनीत मुरतंय असा एक समज पसरला आहे. आम्ही राहतो त्या कंपनीच्या कॉलनीत नळांना किंचित गुलाबी पाणी येतं. किंचित. आम्ही कापडाचे रंग बनवतो, थोडा रंग इकडेतिकडे जायचाच. बेकरीच्या गल्लीत पावाचा वास येतो म्हणून कोणी बोंब मारतं का?

४ मार्च, मंगळवार

सर्क्युलर काढलं. 'गळती' हा शब्द टाकीसंदर्भात वापरायचा नाही. त्याऐवजी 'अनियोजित प्रवाह'. प्रयोगशाळेच्या बाईंनी मीटिंगमध्ये विचारलं, सर्दीच्या रजेच्या अर्जात नाकाबद्दल काय लिहायचं? सगळे हसले. मीही हसलो. नेत्याला हसता यायला हवं. मात्र बाईंचं नाव मनात टिपून ठेवलं आहे.

७ मार्च, शुक्रवार

प्लँटवरचे बारा ऑपरेटर नोकरी सोडून गेले. साहेबांना महिनाअखेर बारा नवे हवेत, नाहीतर दुसरी शिफ्ट बंद. बारा काय, बावीस आणतो म्हणालो.

जाहिरात जेवताना सुचली. भरतीच्या धंद्यात माणसं नोकरी सोडून जातात त्यालाही गळतीच म्हणतात. बंदी फक्त टाकीच्या गळतीवर आहे, माणसांच्या नाही. म्हणून मथळा : 'आमच्याकडे गळती नाही!' म्हणजे आमच्याकडे आलेला माणूस टिकतो. एका दगडात दोन पक्षी. पोळी हातातच राहिली, इतका खूश झालो.

आमच्या लेकीच्या, चिमीच्या हातांवर लाल चट्टे आलेत. बायको म्हणते पाण्यामुळे. मी म्हटलं, शाळेतल्या खडूमुळे. बायको म्हणाली, शाळेत पांढरे बोर्ड आहेत. मग मार्करमुळे.

१० मार्च, सोमवार

होर्डिंगला कोण खर्च करणार? हमरस्त्यावरून सगळ्यात ठळक दिसणारी आपली स्वतःचीच भिंत आहे, टाकीची. पेंटरकडून तिच्यावरच पुरुषभर उंचीची अक्षरं काढून घेतली. पेंटर दोनदा विचारत होता, साहेब, इथेच लिहायचं ना? भिंत ओली आहे. त्याला म्हटलं, तू रंग लाव, डोकं आम्ही लावतो.

संध्याकाळी रस्त्यावर पंधरावीस माणसं भिंतीसमोर फोटो काढत होती. काहींच्या हातात गुलाबी पाण्याच्या बाटल्या होत्या. प्रतिसाद जबरदस्त.

१२ मार्च, बुधवार

मुलाखती. सहा उमेदवार आले. सहाही जणांनी पाण्याची बाटली घरून आणली होती. शिपायाने भरून ठेवलेल्या ग्लासांकडे सगळ्यांनी बघितलं, हात कोणी लावला नाही. तरुण पिढी तब्येतीला जपते, हे चांगलंच लक्षण आहे.

एकाला जागेवर नेमलं. दुपारच्या सुट्टीत तो जेवायला म्हणून गेला. अजून जेवतोय.

माझा पांढरा शर्ट धुऊन गुलाबी निघाला. मुद्दाम तोच घालून गेलो. कंपनीचा अभिमान अंगावर दिसायला हवा.

१५ मार्च, शनिवार

बायको आणि चिमी गेल्या. मेहुण्याकडे, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी विरोध केला. स्पष्ट सांगितलं की संवादप्रमुखाचंच कुटुंब कॉलनी सोडून गेलं तर लोक काय समजतील? बायको म्हणाली, लोक खरं ते समजतील. चिमी दारात उभी राहून हात खाजवत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

जाताना बायकोने अट घातली. आपल्या नळाचं एक ग्लास पाणी माझ्या आणि चिमीच्या समोर पिऊन दाखवा, त्याच दिवशी परत येते. हात्तिच्या! एवढंच? आत्ता पितो म्हणणार होतो, पण रिक्षा लागली होती.

मेहुण्याने तिकडून पाठवलेल्या पाण्याचे दोन कॅन माझ्यासाठी ठेवून गेली. खिडकीतल्या मनीप्लँटलाही त्यातलंच घाला, विसरू नका, असं बजावलं. झाडाचे एवढे लाड!

१८ मार्च, मंगळवार

सरकारी खात्याचे इन्स्पेक्टर आले. म्हणाले, लोकांच्या तक्रारी आम्ही नुसत्या फाइलला लावतो. पण तुम्ही भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत नाकारलंत, तेव्हा बघायला यावंच लागलं. मी त्यांना बसवून समजावलं की ती गळती वेगळी, ही गळती वेगळी. ते म्हणाले, म्हणजे एकूण दोन आहेत? आणि दोन्ही लिहून घेतल्या.

बाहेर जाऊन बघितलं तर भिंतीतून पाणी पाझरून 'नाही' पार धुऊन गेलं होतं. आता हमरस्त्यावरून दिसतं : 'आमच्याकडे गळती'. पुढचं उद्गारचिन्ह मात्र शाबूत. पेंटर चांगला होता.

साहेबांनी बोलावून घेतलं. काय काय बोलले ते आत्मचरित्रात येणार नाही. शेवटी म्हणाले, गुरुवारी पत्रकारांसमोर कॉलनीचं पाणी पिऊन दाखव. सगळ्यांना एकाच ग्लासात गाठायची ही साहेबांची दूरदृष्टी. ते स्वतः थांबू शकणार नाहीत. त्यांचं बिऱ्हाड डोंगराकडच्या बंगल्यावर हलतंय, तिथे रेंज चांगली आहे म्हणे.

१९ मार्च, बुधवार

प्रयोगशाळेच्या बाईंचा राजीनामा आला. कारण : 'अनियोजित प्रवाह'.

माझी शब्दयोजना रुजते आहे.

उद्याची तयारी पूर्ण. मी घाबरत नाही. पण शहाणा माणूस जोखीम घेत नाही. जगात कोणता संवादप्रमुख खरंच नळाचं पाणी पितो? ग्लासात बाटलीतलं पाणी. हात उंच करून. फोटो. संपलं.

२० मार्च, गुरुवार

ग्लास उंच धरला. म्हणालो, हे आमच्या कॉलनीचं पाणी, मी रोज हेच पितो. घटाघट प्यायलो. कॅमेरे लकलकले. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघितलं.

मागच्या रांगेतल्या पत्रकार बाईंनी विचारलं, तुमच्या पत्रकात म्हटलंय की किंचित गुलाबी छटा नैसर्गिक आहे. मग हे इतकं नितळ कसं?

मी घड्याळ बघितलं आणि पत्रकार परिषद संपल्याचं जाहीर केलं.

व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. मेहुण्याने पाठवला, सोबत एक हसणारा चेहरा. मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. खचणाऱ्यातला मी नव्हे.

२२ मार्च, शनिवार

साहेबांचा मेल आला. महिनाअखेरपर्यंत बारा जणांची भरती झाली नाही, तर तेरावी जागा भरायला लागेल. तेरावी कोणाची, ते लिहिलेलं नाही. साहेब कोड्यात बोलतात.

कॅन दोन्ही संपले. कोणाच्याही दारात पाणी मागायला जाणार नाही. माझ्याच सर्क्युलरचा अपमान होईल.

ठरलं. उद्या पिणार. खरंखुरं. पत्रकारांसाठी नाही, साहेबांसाठी नाही. घर रिकामं आहे, मला ते सोसवत नाही. एक ग्लास आणि दोघी परत. माझा शब्द खरा आहे हे एकदा तरी कळू दे सगळ्यांना.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळ

गुलाबी शर्ट घातला. स्वयंपाकघरातला नळ सोडला. ग्लास भरला. शर्टाशी मॅच. बायकोला व्हिडिओ कॉल लावला, फोन डब्याला टेकवून ठेवला.

चिमी पुढे आली. हातांवरचे चट्टे आता फिके पडलेत, तिने आपणहून दाखवले. मी ग्लास उचलला, तोंडाजवळ नेला. वास आला. हात थांबला नाही. लिहून ठेवतो, थांबला नाही.

चिमी म्हणाली, बाबा, नको पिऊस. आम्ही इथेच राहतो, चालेल.

मी पिणारच होतो. पण मुलीचा हट्ट बापाने कधीतरी मानायचा असतो. ग्लास खाली ठेवला. मग बायको म्हणाली, जेवायला या. येताना रिकामे कॅन आणा.

बरं म्हणालो. कॉल संपला.

भरलेला ग्लास ओट्यावर होता. पाणी फुकट कशाला घालवायचं? मनीप्लँटची पानं पार माना टाकून बसली होती. ग्लास घेऊन कुंडीपाशी गेलो, तिरका केला.

आणि सरळ केला. त्याने माझं काय वाकडं केलं होतं?

सिंकमध्ये ओतलं. कॅन दारापाशी काढून ठेवलेत. कुंडीही बरोबर घेतोय.