आकारामची पाठ

२ डिसेंबर १९६८, सोमवार

छावणीत दाखल झालो. 'मन स्थिर तर बंदूक स्थिर' हे वाक्य योगावरच्या एका व्याख्यानात मी सहज बोलून गेलो होतो. पहिल्या रांगेत बसलेल्या इथल्या कर्नलसाहेबांनी ते उचललं. वाक्य होतंच तसं. आता महिनाभर रिक्रूटांना योग आणि ध्यान शिकवायचं. राहणं-जेवण छावणीतच. ऑफिसनं रजा लगेच दिली. इतकी लगेच की जरा वाईट वाटलं.

काल गल्लीनं सत्कार केला. शाल, नारळ, बँड. मेव्हणे गणपतराव हार घालताना कानात म्हणाले, "दाजी, तुमाला पंगतीत मांडी घालून बसवत न्हाय, तितं जाऊन काय करणार?" नुसती असूया. योग म्हणजे काय मांडी? मी पुण्याचं शिबिर केलंय. शिबिर तीन दिवसांचं होतं, पण मला पहिल्या दुपारीच सगळं समजल्यामुळे परत आलो.

संकल्प: पहाटे चारला उठणे. चहा बंद.

३ डिसेंबर, मंगळवार

बिगूल वाजला. आपण होऊन उठणं वेगळं आणि कुणीतरी कानाशी पितळ फुंकून उठवणं वेगळं. चहा घेतला. थंडीत चहा औषधात मोडतो.

पहिला वर्ग उत्तम. पद्मासन तोंडी शिकवलं. सुभेदार चौगुले म्हणाले, करून दाखवा की. गुरूनं करून दाखवलं की शिष्य परावलंबी होतो, असं मी समजावलं. ते नुसते माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

संध्याकाळी घरी चक्कर मारावी म्हणून गेटवर गेलो. पहाऱ्यावरच्या संत्र्यानं पास मागितला. पास सुभेदार देतात. सुभेदार म्हणाले, ट्रेनिंग संपेस्तवर रिक्रूटाला पास न्हाय. म्हटलं, मी रिक्रूट नाही. तर म्हणाले, रिक्रूटाच्या मेसात जेवता, रिक्रूटाच्या बराकीत झोपता, मग कोण, जनरल हाय व्हय?

गेटबाहेरून आमच्या पेठेतला टांगेवाला चालला होता. त्यानं रामराम केला. मीही हात केला, अगदी मजेत असल्यासारखा.

५ डिसेंबर, गुरुवार

कर्नलसाहेबांनी बोलावलं. कोडोलीचा आकाराम म्हणून एक रिक्रूट आहे. तालमीतला पैलवान. धावण्यात पहिला, दोरावर पहिला. पण रायफल हातात आली की हात थरथरतो. तेवीस तारखेला नेमबाजीची परीक्षा. नापास झाला की नाव कमी करून घरी धाडणार. भरती झाला तेव्हा अख्खी कोडोली एस.टी. स्टँडवर पोचवायला आली होती. आता म्हणतो, गावाला तोंड कुठल्या तोंडानं दाखवू?

अवघड आहे. मला बाहेर सोडत नाहीत आणि त्याला बाहेर काढायला निघालेत.

कर्नलसाहेबांना शब्द दिला. शवासन आणि श्वासावर लक्ष. आठवड्यात हात दगडासारखा होईल. ते खूश झाले. म्हणाले, या एका पोरावरच तुमच्या योगाची पारख होऊ द्या. होऊ द्या की.

८ डिसेंबर, रविवार

आज शवासन. 'उताणे पडा' म्हटलं. कुणीही पडलं नाही. निम्मी प्लाटून तालमीतली. सगळे कुशीवर लवंडले. मी म्हटलं, मेलेल्या माणसासारखं पाठ टेकून पडायचं. मागून आवाज आला, "मेल्यावर टेकू की!"

सुभेदारांनी हुकूम सोडला तेव्हा बाकीच्यांनी पाठ टेकली. तीही एक खांदा वर ठेवून. आकाराम उभाच. म्हणाला, "वस्तादाला शब्द दिलाय. ह्या पाठीला आजूक कुणी माती लावल्याली न्हाय. तुमी सांगता म्हणून फुकट लावू व्हय?" कुस्तीत पाठ टेकली की माणूस हरला, हे मलाही ठाऊक आहे. पण इथं समोर कोण आहे? कुणीच नाही. तो म्हणाला, म्हणूनच. कुणी न पाडता पडायचं, ही तर लईच लाज.

शेवटी मीच करून दाखवलं. उताणा पडलो, श्वासावर लक्ष दिलं. जाग आली तेव्हा मेसची घंटा वाजत होती. शवासन किती खोल लागतं याचा पुरावा रिक्रूटांना मिळाला. पण तेव्हापासून ते माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतात. कुस्ती न खेळताच हरलेला माणूस म्हणून.

११ डिसेंबर, बुधवार

नेमबाजीच्या सरावाला आकारामजवळ बसून 'श्वास आत, श्वास बाहेर' म्हणत राहिलो. गोळी शेजारच्याच्या टार्गेटला लागली. शेजाऱ्याला शाबासकी मिळाली.

नंतर तो मेसमागे एकटा बसलेला दिसला. रडत होता. एवढा आडदांड गडी, हुंदका आला की भिंतीचा पत्रा हलायचा. मला भडभडून आलं. त्यानं विचारलं, "गुरुजी, खरं सांगा. तुमचं ते आसन केलं तर हात ऱ्हाईल का जाग्याव?" मी सांगितलं, शंभर टक्के. बोलत असताना माझाही त्यावर पूर्ण विश्वास होता. तो म्हणाला, मग माझ्या वस्तादाला इचारा. त्यांनी मोकळीक दिली तर आत्ता टेकतो.

त्याचे वस्ताद म्हणजे कुतुबुद्दीन वस्ताद. त्यांची तालीम आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर! धावत कर्नलसाहेबांकडे गेलो. वस्तादांशी बोलायला हवं, म्हटलं. जाता जाता घरी चहा, धुतलेलं धोतर, हिच्या हातचा पिठलं-भात, सगळं डोळ्यांपुढं आलं. साहेबांनी ताबडतोब मान्य केलं आणि वस्तादांना आणायला जीप पाठवली.

जीपमध्ये मागं जागा होती.

१४ डिसेंबर, शनिवार

वस्ताद बाहेरगावी होते, आज आले. पांढऱ्या मिशा, मोडलेले कान. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मला विचारलं, मास्तर, तालीम केलीय काय कवा? मी म्हटलं, लहानपणी लाल मातीशी संबंध आला होता. खोटं नाही. तालमीच्या दारावरून शाळेत जायचो, चपला लाल व्हायच्या.

वस्ताद म्हणाले, "मग काय अडचण हाय? पाठ मागून मिळत न्हाय, पाडून मिळती. तुमी त्याला एकदा पाडा. मग तुमी म्हणशीला तवा टेकंल."

मी हसलो. दुसरं कुणी हसलं नाही. सुभेदारांनी वीस तारीख धरली. कर्नलसाहेब 'स्प्लेंडिड' म्हणाले.

१६ डिसेंबर, सोमवार

मैदानात आखाडा खणताहेत. माती चाळून तेल, ताक, हळद घालताहेत. माझ्या खिडकीसमोरच.

डॉक्टरांकडे गेलो. पोटात दुखतं, छातीत दुखतं, गुडघा दुखतो असं सांगितलं. त्यांनी तपासून सांगितलं, ठणठणीत आहात, लढा. गेटवर गेलो. संत्र्यानं कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाला, "मास्तर, कुस्ती झाल्याव बघू."

आकारामला बाजूला घेतलं. म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी आहे, जरा सैल सोड. त्याचा चेहरा पडला. "नुरा कुस्ती, गुरुजी? ठरवून हरायचं? तुमी हे मनातबी आणू नगा." गुरूनं पोराला अशी मान खाली घालायला लावू नये. मी सांगितलं, तुझ्या चारित्र्याची परीक्षा घेत होतो, पास झालास. तो पाया पडला. फार ओशाळल्यासारखं झालं.

१८ डिसेंबर, बुधवार

ध्यानाला बसलो. श्वासावर लक्ष दिलं. श्वासच घाबरलेला निघाला.

हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला भीती वाटते. घरी जावंसं वाटतं. पळून जावं तर गल्लीनं बँड लावून पाठवलंय, परत कुठल्या वाद्यावर जाणार? आणि तो पोरगा माझ्या भरवशावर बसलाय.

संकल्प: न घाबरणे. योगशक्तीपुढं अंगबळ टिकत नाही. उद्यापासून दोन वेळा दूध. एक वेळ तरी.

२० डिसेंबर, शुक्रवार

कुस्ती म्हणून आज गेट सर्वांना उघडं. अख्खी गल्ली आत आली. गणपतराव पहिल्या रांगेत. बाहेरच्यांना आत सोडत होते, आतल्यांना बाहेर नाही. तेही बघून आलो.

हलगी सुरू झाली. लंगोट सुभेदारांचा, मला दोन वेढे जास्त बसला. आकारामनं माती कपाळाला लावली, माझ्या पाया पडला, हात मिळवला. त्यानंतर मला आभाळ दिसलं. स्वच्छ होतं.

तिथं प्रकरण संपायला हवं होतं. पण वस्ताद पोराकडे टक लावून बघत होते. म्हणाले, भरतीपासनं पोराच्या अंगाला माती लागली न्हाय, वाळून गेलंय बिचारं. आजूक जरा खेळू द्या. मला कुणी विचारलं नाही. आभाळ पुन्हा दिसलं. मग पुन्हा. एकदा गणपतरावही उलटे दिसले. पण खरं सांगायचं तर, त्या पोराच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आधी पाहिला नव्हता.

२१ डिसेंबर, शनिवार

बसवत नाही. उताणं पडवत नाही. कुशीवर लिहितोय.

आकाराम तेलाची वाटी घेऊन आला आणि माझं अंग रगडून गेला. म्हणाला, छावणीत आल्यापासून पहिल्यांदा गाढ झोप लागली. बरं वाटलं. मला लागली नाही.

२३ डिसेंबर, सोमवार. दुपारी.

आकाराम पास! मी काठी टेकत मैदानावर गेलो होतो. त्यानं रायफल धरली आणि हात हलला नाही. जराही नाही. गोळ्या आपल्याच टार्गेटला लागल्या. धावत आला आणि त्यानं मला उचललं. बरगडी कळवळली, पण मीही रडत होतो. आता पोरगा कोडोलीला वर्दीत जाईल.

कर्नलसाहेबांनी सर्वांसमक्ष विचारलं, हे कशानं झालं? आकाराम छाती काढून म्हणाला, "गुरुजींच्या योगानं, साब!" दुरुस्ती करणार होतो. पण तत्त्वाचा विचार केला तर पद्धत माझीच. मन स्थिर तर बंदूक स्थिर. मन स्थिर झालं मातीत, आणि माती आली माझ्यामुळे.

साहेबांनी पाठ थोपटली. (नेमकी तीच.) म्हणाले, असा उपाय एकट्यापुरता का ठेवायचा? माझा मुक्काम उन्हाळ्यापर्यंत वाढवलाय. आखाडा कायम राहील आणि योगाचा वर्ग यापुढं आखाड्यातच भरेल.

मग सुभेदारांनी प्लाटून उभी केली आणि ओरडून विचारलं, आणि कुणाकुणाचा हात थरथरतो, पुढं या.

अख्खी प्लाटून हात थरथरवत पुढं आली.