पाकिटाची मागची बाजू

बेला, जि. आदिलाबाद
१४ जुलै २०२४

चि. सोनाबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

तुमची ही वैनी आता पुरती बहिरी झाली. देवानंदचा फोन येते तं शेजारची चंदा ऐकते, अन् मले हातवारे करून सांगते. माह्या लेकाचे निरोप मले तमाशासारखे पाहावे लागतात. म्हणून पत्र.

दवाखान्यात रक्त तपासलं. तीन महिन्यांची साखर साडेआठ निघाली. देवानंद हैद्राबादवरून आला, कागद पाह्यला अन् सांगून गेला की ऑक्टोबरात पुन्हा तपासू, साखर सातच्या खाली आली नाई तं घराले कुलूप लावून मले घेऊन जाईन. त्याच्या बाराव्या मजल्यावर मी काय करू? तुमचे दादा गेल्याले आठ वर्सं झाली, एकटी राहून राह्यली तं राहू द्या ना. मले इथून हालायचं नाई.

चहातली साखर म्या कवाच सोडली. गोड बिस्किटं बी सोडली. आता हे हिरवं पाकीट आणते, याच्यावर गव्हाची ओंबी हाये. तरी साखर काऊन वाढली? मागं जे बारीक लिवलं हाये ते इंग्रजी अन् तेलुगू, अन् माही शाळा मराठी सातवी. तुमची सून मैत्री शिकलेली हाये, तिच्याकडून वाचून कळवा. पाकीट सोबत धाडून राह्यली. मुंग्या लागू नाई म्हणून धुऊन वाळवलं हाये.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची
विमलवैनी

*

पुणे
२६ जुलै २०२४

ती. विमलवहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट मिळालं. आमच्या वॉचमनला वाटलं, आजींना कुणीतरी बिस्किटं पाठवली. रिकामं निघालं तेव्हा बिचाऱ्याला माझी कीव आली.

मैत्रीनं रविवारी दहा मिनिटं दिली, बाकीचं मी भिंग घेऊन केलं. आता नीट ऐक. पाकिटाची समोरची बाजू बघायचीच नाही. ती दाखवायच्या कार्यक्रमाला नटून बसलेली असते. मागे घटकांची यादी असते, आणि ज्याचं वजन सगळ्यात जास्त त्याचं नाव आधी, असा नियमच आहे. तुझ्या हिरव्या पाकिटात पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल. गव्हाचं पीठ सहावं. शिवाय ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन अशी नावं आहेत, ते सगळे साखरेचेच चुलतभाऊ.

खाली आकड्यांचा तक्ता आहे. त्यात एक रकाना एका वेळच्या खाण्याचा. कंपनी एका वेळेला दोनच बिस्किटं धरते, म्हणून साखर चार ग्रॅम दिसते आणि आपण खूश. पण पाकिटात बिस्किटं चोवीस आहेत, बाई. तू नेहमी शंभर ग्रॅमचा रकाना बघ. तिथे साखर चोवीस ग्रॅम लिहिली आहे, म्हणजे जवळजवळ पाव भाग साखरच.

सोबत एक चिठ्ठी आहे, तिच्यावर चार इंग्रजी शब्द मोठे करून लिहिले आहेत, प्रत्येकापुढे मराठी अर्थ आहे. वाचायला जाऊ नकोस, रांगोळी जुळवतो तसे जुळव. साखरेचं पहिलं अक्षर नागाच्या वेटोळ्यासारखं. चिठ्ठी दुकानात ने, लाजू नकोस. आणि हे कळव की एक पाकीट तुला किती दिवस पुरतं.

लिहीत राहा. मला इथे दुसरं कुणी लिहीत नाही.
तुझी
सोना

*

बेला
११ ऑगस्ट २०२४

चि. सोनाबाईस,
अ. उ. आ.

पाकीट दोन दिवस पुरते. आता शिव्या देऊ नका.

चिठ्ठी घेऊन दुकानात गेली. एकेक पाकीट उलटं करून पाहत होती तं दुकानदारानं हिंदीत विचारलं, अम्मा, सरकारी तपासणी हाये का. त्याच्या तोंडावरून मले समजलं. मी मान हलवली. तवापासून तो मले बसायले स्टूल देते.

या पंधरा दिवसांतली सात पाकिटं धाडून राह्यली. त्यात ज्वारीचं बिस्किट हाये, समोर हे एवढं कणीस. नागाचं अक्षर शोधलं तं साखर यादीत लय खाली हाये. हे चालन ना? मले तं वाटते, म्या बाजी मारली. आता देवानंद कसा नेते ते पाहतोच आपण.

मैत्रीले, तुमच्या लेकाले वैभवले आशीर्वाद. आठवण ठेवत जा.
तुमची
विमलवैनी

*

पुणे
२४ ऑगस्ट २०२४

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सातही पाकिटं गादीवर मांडून बसले. ज्वारीच्या बिस्किटात साखर कमी आहे, खरं. पण पहिला मैदाच आहे, आणि ज्वारी शंभरात आठ. तो मैदाही साखर वाढवतोच. सूपच्या पुडीत मीठ इतकं की तुझं बीपी चढेल.

पण मला आकड्यांची भीती नाही वाटली. टोस्ट आहे, खारी आहे, मसाल्याच्या शेवया आहेत, सूप आहे, फरसाण आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळं या सात पाकिटांत आहे. वहिनी, तू स्वयंपाक करणं कधी सोडलंस?

मी नऊ वर्षांची होते तेव्हा तू लग्न होऊन आलीस. चुलीपुढे बसवून गरम भाकरी तू मला वाढलीस, आईनं नाही. त्या घरात भाकरी होत नाही हे मला बिस्किटाच्या कागदांवरून कळावं? मी रडले. वैभव आणि मैत्री ऑफिसला होते, त्यामुळे कुणाला दिसलं नाही.

खरं काय ते लिही. तुझ्यावर रागावले आहे, तरी जीव तुझ्यातच आहे.
सोना

*

बेला
८ सप्टेंबर २०२४

चि. सोनाबाईस,
अ. उ. आ.

खरंच लिहिते. तुमचे दादा गेल्यावर एक वर्स रोज केलं. दोन भाकरी टाकायची, एक खायची, दुसरी सकाळी गाईले. मंग एक दिवस मनात आलं, आपण गाईसाठीच चूल पेटवून राह्यलो. पाकीट उभ्या उभ्या खाता येते, सोनाबाई. ताट वाढून बसलं की समोरची जागा दिसते. तुमाले हे सांगायची लाज वाटली म्हणून सांगतलं नाई.

तुमचं पत्र आल्यावर कोठीतली ज्वारी काढली, निवडली, दळून आणली. आता सकाळी भाकरी, अंबाडीची भाजी, वरण. सांजच्याला तेच. पाकीट आणलं तं फुटाण्याचं, त्याच्या यादीत चणे अन् मीठ दोनच नावं हायेत.

अन् देवानंद एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी येऊन राह्यला. बोटाले टोचून मशिनीत साखर पाहते, वहीत लिहिते, मंग जेवायले बसते. तीन भाकरी खाते. माह्या कानाशी येऊन मोठ्यानं बोलते, म्हणून त्याचं मले थोडंबहुत ऐकू येते. त्या दिवशी पीठ मळायचा कंटाळा येत नाई.

तुमी बी जेवत जा.
तुमची
विमलवैनी

*

बेला
३ नोव्हेंबर २०२४

चि. सोनाबाईस,
अ. उ. आ.

साखर सहा पॉइंट आठ आली. डॉक्टरनं शाबास म्हटलं. हे सारं तुमच्या चिठ्ठीनं झालं.

देवानंद लय खूश झाला. म्हणाला, आई, आता मले तुही चिंता नाई, तू खुशाल इथं राहा. मशीन घेऊन गेला. दिवाळीले सुट्टी भेटली नाई, संक्रांतीच्या टायमाले पाहतो म्हणून चंदाजवळ निरोप आला. मी जिंकली. तो आला नाई त्या पह्यल्या शनिवारी सवयीनं भाकरी जास्त झाल्या.

सोबत एक पाकीट हाये. वाचू नका, तेच हिरवं हाये. त्यात काय हाये ते मले आता समजते. जानेवारीत पुन्हा रक्त तपासायचं हाये.

विसरू नका.
विमल

*

पुणे
१४ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू काय मांडलं आहेस ते मला कळलं. साखर वाढली की देवानंद येईल. येईल, वहिनी. आणि तुझे डोळे, पाय गेले की कायमचा घेऊन जाईल. हा कसला सौदा?

आता माझंही ऐक. आठ वर्षं मी एक गोष्ट गिळून बसले आहे. आपल्यात लेकीनं आपल्या पायानं माहेरी जायचं नसतं, माहेरचा मुराळी न्यायला यावा लागतो. दादा होता तोवर दर दिवाळीला तो स्वतः यायचा. तो गेला आणि बोलावणं थांबलं. मला वाटलं, वहिनीला मी नकोशी झाले. तू समजलीस, सोना पुण्यात सुखात आहे. सुखात आहेच. वैभव-मैत्री सकाळी आठला जातात आणि रात्री आठला येतात. मधले बारा तास मी खिडकीत असते. या चार महिन्यांत तुझी पाकिटं यायची तेव्हा मला काहीतरी काम असायचं.

मला यायचं आहे, पंधरा दिवस नाही, चांगली होळीपर्यंत. पण बोलावल्याशिवाय येणार नाही, तेवढा मान मला हवा. दादा नाही तर दादाचा मुलगा मुराळी धाड. देवानंदला आजार दाखवून बोलावू नकोस. आईनं लेकाला काम सांगून बोलवावं.

उरलेली बिस्किटं फेकून दे. मी आले की भाकरीबरोबर कोरड्यास काय करशील ते तूच ठरव.
वाट पाहते.
सोना

*

बेला
२४ नोव्हेंबर २०२४

चि. देवानंदास,
अ. उ. आ.

हे मले चंदाच्या तोंडून सांगायचं नव्हतं, म्हणून पत्र लिहिलं.

पुण्याले जाय अन् तुह्या आत्याले घेऊन ये. मुराळी म्हणून जाय, रिकाम्या हातानं जाऊ नको, एक चांगलं लुगडं घे. आठ वर्सं तिले कोणी बोलावलं नाई. बोलावणं म्या धाडायचं होतं, चूक माही हाये, तिच्या पाया पडून तसं सांग. ती होळीपर्यंत राहीन. तिले घेऊन आला की तू बी दोन दिवस राह्य.

काल दवाखान्यात जाऊन आली. साखर ठीक हाये, बीपी ठीक हाये, गोळ्या चालू हायेत. मी बिमार नाई. तरी ये.

तुही आई