माझ्या वाटचा हात

सोमवार, १० नोव्हेंबर

पायाचं प्लास्टर निघून महिना झाला. आज संध्याकाळी चिखली रोडला पहिल्यांदा फिरायला गेले, एकटीच. हे वारले तेव्हा मी खाटेवरच होते.

किलोमीटरच्या दगडाला हात लावल्याशिवाय परत फिरायचं नाही, हा यांचा नियम. मी पुलाजवळच थकून बसायचे. मग हे पुढे जाऊन दगडाला दोनदा हात लावून यायचे. “तुया वाटचा बी लावला, चाल आता.”

“लबाडी आहे ही,” मी म्हणायचे.

आजही पुलापाशीच पाय ठणकला. दगड समोर दिसत होता. जायला हवं होतं का? नाही गेले. आज दगडाला कोणाचाच हात लागला नाही.

घरी येऊन मिठाचं पाणी गरम केलं आणि पाय बुडवून बसले.