सुपाएवढे स्नोशूज

शनिवार संध्याकाळ, शॉमबर्ग

गुडघा शाबूत आहे! दोन आठवडे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधतात ते स्नोशूज घालून चार पावलं धावले की आपटत होते. वाटलं, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर धावणं संपलंच आपलं. आज पार्कात शेजारच्या देशपांडे काकू भेटल्या, रिटायर्ड डॉक्टर. मी गुडघ्याचं रडगाणं लावलं, तर त्या माझ्या पायांकडे बघून हसायलाच लागल्या.

"अगं, हे सुपाएवढे चालायला असतात. धावायला छोटे, अरुंद लागतात. एवढे मोठे का घेतलेस?"

त्याच किमतीत मोठं मिळत असेल तर मोठंच घ्यायचं, ही आईची शिकवण!

काकूंनी स्वतःच्या पायातले छोटे काढून दिले. पार्कातल्या तळ्याला धावत अख्खी फेरी मारली, एकदाही पडले नाही.

घरी येऊन ती सुपं गॅरेजमध्ये टांगली आणि गुडघ्याला तेल चोळत बसले. बिचाऱ्याने दोन आठवडे नसती बोलणी खाल्ली.