चपला स्वयंपाकघराच्या दारात

४ नोव्हें., मंगळ
आईचा एक्स-रे. मनगट सुजलंय, हाड शाबूत. सकाळी सिंकपाशी पाय घसरला, ओट्याची कड हाताला लागली म्हणून वाचली. डॉ. म्हणाले, "पुढच्या वेळी खुबा जाईल. घरातसुद्धा अनवाणी नको." बाहेर येता येता आई : "चांगला आहे रे डॉक्टर, बोलतो फार."
चपलांचं काम माझ्याकडे. साहजिकच. फ्रिज घ्यायचा तरी सोसायटी आधी मला विचारते. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण वस्तू उलटी करून बघायला कॉलेज लागत नाही.

६ नोव्हें., गुरु
नेरूळची दुकानं पालथी. जो तो फोमची दाखवतो. मऊ म्हणजे चांगली, हे कुणी पसरवलं? मऊ तळ दबतो, म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. हवा पातळ, घट्ट तळ, खाली बारीक खाचा, टाचेमागे पट्टा. बाटलीतलं पाणी लादीवर ओतून एकेक जोड घासून बघितला. दुकानदार : "काका, दुकान हाय हे, मोरी नाय!"
एकच टिकला. तपकिरी, कुरूप. आईला संध्याकाळीच न्यायचं, दिवसभरात पाय फुगतात. सकाळी मापाची वाटलेली नंतर चावते. नंदा : "अहो, चप्पल घेताय की फ्लॅट?"
बायकोनं तरी...

९ नोव्हें., रवि
घेतली. "रंग मेला कसला, चिखलाचा," आई म्हणाली. पण हॉलमध्ये फेऱ्या मारल्या. ऐटीत.

१० नोव्हें., सोम
ऑफिसात नंदाचा फोन. "चपला स्वयंपाकघराच्या दारात आहेत. आई आत आहेत."
घरी येऊन विचारलं. आई : "आत देव आहेत. अन्न शिजतं. तिथे पायताण घालून जाऊ?"
"पडलीस कुठे? तिथेच ना!"
"म्हणून काय झालं?"
हॉलमध्ये आयुष्यात कधी पडली नाही. तिथे मात्र घालते. एवढी परीक्षा, ती हॉलसाठी. डोकं फिरलं.

१३ नोव्हें., गुरु
पर्याय. रबरी ठिपक्यांचे मोजे : भिजले की काढून टाकते. चटई : कड दुमडते, पाय अडकतो, मीच लोकांना नको म्हणून सांगतो. शेवटी तोच जोड दुसरा आणला. कोरा, फक्त स्वयंपाकघरासाठी.
आई : "कोरी असली तरी चप्पलच ना? तू घालशील आत? आधी तू घाल."
त्यात काय, म्हटलं.

१६ नोव्हें., रवि
माझ्या मापाचाही कोरा जोड. सकाळी हॉलमध्ये घातला, आत जाऊन चहा आणला, पेपर उघडला. नंदा हसू दाबत : "पायांकडे बघा."
अनवाणी. जोड दारात, नीट लावून ठेवलेला. कधी काढला, देवाशपथ कळलं नाही.
पुन्हा घातला. दारात उभा राहिलो. पाऊल उचलेना. समोर देव्हारा, ओट्यावर कणीक. आई सिंकपाशी, अनवाणी, मेथी धूत. पायाखाली पाणी.
"ये की आत," म्हणाली. वळून बघितलंसुद्धा नाही.
चपला काढल्या. फडकं घेऊन तिच्या पायांभोवतीची लादी कोरडी केली. शेवटचा कोपरा पुसतोय, तोवर तिनं पुन्हा नळ सोडला.