मंडईला सगळे आलेच पाहिजेत

१८ ऑक्टोबर १९८५
निश्चय केला. यंदा मंडईला, दिवाळीनंतरच्या आपल्या गावजत्रेला, सगळे आपल्या घरी, दिघोरीला. धाकटा भोजराज नागपुरातून, मधला टेकचंद चिखल्याच्या माईनवरून, बहीण चंद्रकांता भंडाऱ्यातून. बायका-मुलांसकट.
आई होती तेव्हा कुणाला बोलवावं लागत नव्हतं. दिवाळी आली की माणसं आपोआप यायची, ती मंडई पाहूनच जायची. पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. आता दोन वर्षं झाली, कुणी फिरकलं नाही. यंदाही घर रिकामं राहिलं तर रीत मोडलीच म्हणायची. मी मोठा. माझ्या देखत मोडू देणार नाही.
दुकान लवकर बंद केलं आणि तिघांना पोस्टकार्डं टाकली. मजकूर प्रेमाचा, पण स्पष्ट : 'येणे अनिवार्य आहे.'

२० ऑक्टोबर
रुखमाला सांगितलं. बायकोला विश्वासात घ्यावं लागतं. म्हणाली, "अनिवार्य कायले लिवलं जी? समन्स धाडला का?" म्हटलं, प्रेमाला थोडा कडकपणा लागतो. ती तांदूळ निवडत बसली. पटलं असावं.

२३ ऑक्टोबर
प्रोग्राम तयार. मागच्या वेळी सगळे जमले होते, ती आई गेल्यावरची पहिली दिवाळी. कारभार प्रथमच माझ्या हाती. काय डिसिप्लिन होती! पहाटे सगळे विहिरीवर, वयाप्रमाणे रांगेत. पाणी थंड. गरम पाण्यानं सणाची आंघोळ होत नाही, हे माझं मत. भोजराजच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी भारावली बिचारी. पत्ते बंद. जेवताना बोलणं बंद. जेवणानंतर माझं भाषण, 'आपल्या घराण्याची वाटचाल.' पोट्टे इतके शांत बसले की काही तर झोपूनच गेले.
फक्त टेकचंदला माईनवरून अचानक ड्यूटी लागली, दुपारच्या एसटीनं गेला. निरोप कुणी आणला ते शेवटपर्यंत कळलं नाही. माईनवाल्यांचं असंच.
यंदा भाषण थोडं वाढवावं.

२९ ऑक्टोबर
तिघांपैकी एकाचंही उत्तर नाही. पोस्टाचा कारभार पार ढिला झालाय.

३० ऑक्टोबर
कारण सापडलं! मनात आणलं तर मला सगळं सुचतं. आपली मंडई भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी असते. तो यंदा शुक्रवार. नोकरदार माणसाला शुक्रवारी सुटी कोण देईल? यायचं पोरांच्या मनात आहे, सुटी आड येतेय. उपाय एकच : मंडईच रविवारी घ्यायची. मंडई कमिटीत मी आहेच.

१ नोव्हेंबर
कमिटीची मीटिंग. अध्यक्ष टिकाराम तर उडालाच. म्हणाला, "रविवारी पल्ल्याडच्या गावची मोठी मंडई हाय. झुलेवाला, जिलेबीवाला, पानठेलेवाला, सारे तिकडं जातीन. आपल्याकडं काय माशा मारासाठी येईन कोनी?" बापजाद्यांपासून कुणी वार बदलला नाही, असंही म्हणाला. मी हटलो नाही. कुटुंब म्हणजे काय, इथून सुरुवात केली. हळूहळू सगळे राजी झाले. टिकारामाचे शब्द असे : "हाव बाप्पा, करा रविवार, पन आता जेवाले जाऊ द्या." ठराव एकमतानं पास.
मंडईचा वार बदलणारा गावातला मी पहिला माणूस. तिघांना पुन्हा कार्डं टाकली. वार ठळक अक्षरात.

६ नोव्हेंबर
चंद्रकांताचा नवरा यादोराव लाखांदूरला कामासाठी आला होता, वाटेत दुकानावर उतरला. वाईट बातमी आणली. भोजराजनं टीव्ही घेतलाय. टेकचंदचं आणि चंद्रकांताचं बिऱ्हाड, सगळेच यंदा दिवाळीला नागपुरात.
म्हणजे आपलं अंगण सोडून डबड्यासमोर दिवाळी! मी विचारलं, आणि मंडईला? यादोराव म्हणाला, एसटी आली. एसटी काही आली नव्हती. तो उन्हात उभा राहिला, सावलीत बोलावलं तरी येईना. रुखमा चहा घेऊन गेली, तिच्याशी मात्र बराच वेळ बोलत होता. जावयांना सासरच्या पुरुषांची भीड असते.

१० नोव्हेंबर
रुखमा करंज्या करतेय. किती करू, विचारलं. म्हटलं, सगळ्यांपुरत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पीठ वाढवलं. काही म्हणा, बाई समजूतदार आहे.
वाढवलेलं भाषण आज पाठ झालं. म्हशीसमोर म्हणून पाहिलं. ठीक जमतंय.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
पहाटे विहिरीवर एकटा गेलो. रांग एकट्याची. पाणी फारच थंड होतं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. आत रुखमानं मुलांना गरम पाणी दिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.
पूजेला आम्ही घरचेच. मुलगी म्हणाली, "बाबा, काका लोक येऊन नाई राह्यले का?" रागावलो तिच्यावर. नंतर वाईट वाटलं, तिला फुलझडी आणून दिली.

१३ नोव्हेंबर, गायगोधन
गुरं राखणारे गोवारी लोक ढाल नाचवत दाराशी आले. गायी सजवलेल्या, मोरपिसं बांधलेली. आपल्या घरी पद्धत अशी की सगळ्या भावांनी मिळून सुपाला हात लावायचा आणि गोवाऱ्याच्या पदरात धान घालायचं. यंदा सूप मी एकट्यानं धरलं. डोमा गोवारी जुना माणूस. म्हणाला, "मालक, भाऊ दिसत नाईत?" म्हटलं, रस्त्यात आहेत. तो म्हणाला, "मायबाईच्या वक्ती सहा सहा हात राहत सुपाले." एवढं बोलून नाचायला गेला. बोलायची काय गरज होती त्याला?

१५ नोव्हेंबर
काल भाऊबीज. चंद्रकांतानं नागपुरात दोघा भावांना ओवाळलं असेल. मला शेजारच्या पार्वताबाईंनी ओवाळलं. बिचाऱ्या आपण होऊन ताट घेऊन आल्या. पाटावर बसलो, आणि लिहायला काय हरकत आहे, कोणी वाचणार थोडंच? मला रडू आलं. म्हटलं, निरांजनाचा धूर गेला डोळ्यात. पार्वताबाई म्हणाल्या, "हाव बापा, धुरच होय."
संध्याकाळी रुखमा आपणहून म्हणाली, "अजी, असं झुरत कायले बसता? सोता जाऊन घेऊन या ना. उद्याच जा." माझ्या मनातलं बोलली! लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा एक प्लॅन तिला पहिल्यांदा पटला. वर म्हणाली, "घाई करू नोका. सोमवारी आले तरी चालन." म्हटलं, अगं, मंडई रविवारी! "हाव, मी भुललोच," म्हणाली.

१६ नोव्हेंबर, सकाळ
निघतोय. रुखमानं दशम्या बांधून दिल्या. लाखोरीची डाळ मोठ्या गंजात भिजत घालताना दिसली. म्हटलं, एवढ्या वड्यांची डाळ? म्हणाली, "असू द्या, लागन." माझ्यावर केवढा विश्वास! सगळ्यांना घेऊनच येणार, याची तिला खात्री आहे. आता रिकाम्या हातानं परतणं नाही.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ, नागपूर
भोजराजच्या दाराला कुलूप.
शेजारीण ललिताबाई म्हणाल्या, सकाळीच सगळे जीप करून गेले. पिशव्या, डबे, पोरंबाळं, नुसता दंगा. कुठं ते त्यांना ठाऊक नाही, पण खूप हसत होते म्हणे.
विचार केला. जीप, डबे, हसणं. म्हणजे पिकनिक. भोजराजच्या बायकोचं माहेर रामटेक. गेले तिकडे! दादाची मंडई सोडून सासुरवाडीची पिकनिक! उद्या पहिल्या गाडीनं रामटेक, तिथून सगळ्यांना जीपसकट थेट दिघोरी. रात्रीपर्यंत मंडईत. अजून जमतं.
ललिताबाईंनी राहायला सांगितलं. त्यांच्याकडेही टीव्ही. मी असली थेरं बघत नाही, पण यजमानांच्या घरातून उठून जाणं बरं दिसत नाही. पिक्चर शेवटपर्यंत बघितला. बातम्याही. हवामानही.

१७ नोव्हेंबर, रविवार, दुपार, रामटेक
आधी गडावर शोधलं. सगळ्या पायऱ्या चढलो. दोनदा वाटलं, तोच टेकचंद. दोन्ही वेळा दुसराच निघाला, एकदा तर चिडला. एका माकडानं उरलेली दशमी नेली.
मग भोजराजच्या सासऱ्यांकडे, भय्याजींकडे. माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "अजी श्यामराव, तुमी इकडे काय करून राह्यले? सारे तुमच्याच घरी गेले ना! काल भंडाऱ्याले चंद्रकांताबाईकडे मुक्काम, आज सकाळी दिघोरी. मंडईले!"
त्यांच्या पडवीत खालीच बसलो. पाणी दिलं, ते प्यालो.
आले! माझी कार्डं पोहोचली होती! आले सगळे, आणि मी रामटेकात.

१७ नोव्हेंबर, रामटेक स्टँड
गाडी भरलेली. दारात लोंबकळत तरी जाऊ म्हटलं, तर कंडक्टरनं खाली उतरवलं. मी त्याला कुटुंब म्हणजे काय ते सांगत होतो. तेवढ्यात गाडी गेली.

नंतर, रस्त्यात कुठंतरी
दुसऱ्या गाडीचं टायर बसलं. सगळे उतरून उभे. आता वडे तळायला घेतले असतील. रांग कोण लावणार? रुखमाला प्रोग्राम पाठ नाही. देवा, एवढ्या एका दिवसासाठी मी मंडईचा वार बदलला रे.

संध्याकाळ, भंडारा स्टँड
आपल्याकडची शेवटची गाडी गेली. ट्रकवाल्यांना विचारलं. कोणी तिकडं जात नाही. मंडई सुरू झाली असेल. बाकावर बसलोय, शेजारी एकजण चणे खातोय. त्यानं मलाही दिले. ते खिशात टाकले.

१८ नोव्हेंबर
घरी पोहोचलो. जीप पहाटेच गेली, सगळ्यांना ड्यूटी.
अंगणभर शिंगाड्याची टरफलं, उसाची चोयटं. पडवीत पत्त्यांचा जोड पडलेला. सतरंज्या अजून उचललेल्या नव्हत्या, एकाला एक लागून टाकलेल्या, थेट दारापर्यंत.
रुखमानं सगळं सांगितलं. मंडई अगदीच लहान भरली. शिंगाडेवाला, ऊसवाला आणि एक फुगेवाला. टिकाराम माझ्या नावानं बोटं मोडत होता. पण त्यामुळे घरचे कुठं फिरले नाहीत, दिवसभर अंगणातच. सूर्य चांगला वर आल्यावर चुलीवर पाणी तापवून आंघोळी. भोजराजच्या बायकोनं पदर खोचून वडे तळले, आणि गाणं म्हणत तळले. पोरांनी जेवताना इतका गलका केला की म्हैस बिथरली. मग टेकचंद बाजेवर उभा राहिला आणि माझं भाषण करून दाखवलं. हुबेहूब म्हणे. चंद्रकांता हसून हसून रडली, आणि मग आईची आठवण निघाली तेव्हा खरंच रडली. जाताना पोरं जीपमध्ये बसेनात. दरवर्षी येऊ म्हणून सांगून गेले.
म्हणजे सगळं आईच्या वेळसारखं झालं. अगदी तसंच.
रुखमा खाली बघत होती. मी विचारलं, तुला माहीत होतं?
"हाव," म्हणाली. "यादोरावाच्या हातून मीच निरोप धाडला. रविवारी या, हे घरी राहनार नाईत. रागवा मले. पन पोट्ट्याईले काका-आत्या पायजेत जी. एकडाव घर भरलेलं पाहाचं होतं मले. तुमाले नव्हतं का पाहाचं?"
मला तर तेच पाहायचं होतं. तेवढंच तर पाहायचं होतं.
मग विचारलं, माझ्याबद्दल कुणी काही बोललं का? म्हणाली, भोजराजनं जीपमध्ये बसताना विचारलं. काय विचारलं? सांगेना. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "वहिनी, पुढल्या सालीबी दादा कुठी जातीन का, म्हने."
माझ्यासाठी झाकून ठेवलेले वडे तिनं पुढे आणले. थंड होते. चांगले झाले होते.

१९ नोव्हेंबर
पुढच्या वर्षीचा प्रोग्राम नक्की. मंडईच्या दिवशी मला रामटेकला काम आहे. काम कोणतं, ते नंतर बघू.
रुखमाला सांगितलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाली, "कुठी जाऊ नोका जी. घरीच राहा. फक्त गप बसा."
दिवसभर विचार केला. ते काही मला जमणार नाही. त्यापेक्षा रामटेक सोपं.