घासूनपुसून दिलेला दात

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस, मावशीचा गालावरून हात आणि आशीर्वाद.

काल दातांच्या डॉक्टरांनी माझा हलणारा दात काढला. तो तुझ्या प्रयोगशाळेत पाठवायला तू दिलेली गुलाबी पाण्याची बाटली नेली होतीच. पण दात पाहिला तर मुळाशी रक्ताळलेली साल! आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर रोज रुमाल तपासायच्या. मळकी वस्तू कुणाच्या हाती द्यायची नाही, हे तेव्हापासून अंगात भिनलंय. घरी आणून ब्रशने घासला, स्पिरिटने पुसला, मगच बाटलीत टाकला. तुझे काका म्हणाले, अंगठीत बसवून घे.

पोचला की कळव.

तुझी, बोळकी होऊ घातलेली,
मावशी

१० फेब्रुवारी

ती. मावशीस, सा. न.

दात पोचला. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, इतका स्वच्छ दात उभ्या जन्मात पाहिला नाही. अगं, मला ती सालच हवी होती! दाताला हाडाशी बांधणारे धागे ज्या मूळ पेशी विणतात, त्या तिच्यातच असतात. हिरडी फार दिवस आजारी राहिली की या पेशींची जनुकं तीच राहतात, पण त्यांच्यावर खुणा बसतात, कपड्यावर घडीच्या चुण्या बसाव्यात तशा. मग पेशी धागे विणणंच सोडतात. त्या चुण्या मोडता येतात का, ते मी पाहतेय. असे दात सहज मिळत नाहीत, म्हणून काम अडलंय. पण तू वाईट वाटून घेऊ नकोस. हसून पोट दुखलं.

तुझी,
चिमणी

१५ फेब्रुवारी

चि. चिमणीस, आशीर्वाद.

मला मेलीला काय ठाऊक! शेजारचा दातही हलतोय. डॉक्टर म्हणतात, खोलवर साफ केला तर टिकेल. मी म्हटलं, काढाच. भाचीचं काम अडलंय. सोमवारी जाते. या वेळी हात लावणार नाही.

मावशी

१७ फेब्रुवारी

ती. मावशीस, सा. न.

खबरदार! दात तोंडात राहावेत म्हणून तर माझा हा सगळा खटाटोप. बाईंनी दुसऱ्या दवाखान्यातून दात मिळवलाय, सालीसकट. सोमवारी फक्त साफ करून घे. काकांना फोन करून बजावलंय.

तुझी,
चिमणी

२ मे

चि. चिमणीस, खूप खूप आशीर्वाद.

तुझ्या पेशी पुन्हा धागे विणू लागल्याचं तुझ्या पत्रात वाचलं आणि काकांना दोनदा वाचून दाखवलं. प्रयोगशाळेतल्या बशीत जमलं म्हणजे माणसाच्या तोंडात जमायला अजून बरीच वर्षं, असंही तू लिहिलंस. लागू देत. माझा साफ करून घेतलेला दात थोडा हलतो, पण पोळी चावतो. माझ्यापायी घाई करून कच्चं काम करू नकोस. मी आणि माझा दात, आम्ही दोघं थांबतो.

माया आहेच, पत्र तेवढं लिहीत जा.

तुझी,
मावशी